सरळ वर जाणारी हवा

३ मे, शुक्रवार

एसी अखेर गेला. चर्चमधून, मिस्साहून परतलो, दार उघडलं, तर घरात आणि बाहेर सारखाच उकाडा. गच्चीवर चढून पाहिलं, कॉम्प्रेसर जळालेला. आतलं युनिट पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये आडवं पडलेलं आहे, तेही गंजून खलास. तसं ते बरीच वर्षं मरायला टेकलेलं होतं. दर उन्हाळ्यात ठिबकायचं, मॅगी खाली बादली ठेवायची, आणि शेवटच्या बेडरूमपर्यंत, म्हणजे आमच्याच, हवा पोचेस्तोवर तिच्यात काही दम उरलेला नसायचा.

घरमालक अबू जाफर इथेच सनाबिसला पलीकडच्या गल्लीत राहतो. येऊन वर बघून गेला. म्हणाला, "मशीन मी देतो. कसं बसवायचं ते तू ठरव. इंजिनियर तू आहेस."

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. माझं सगळं आयुष्य बहरैनमधल्या इमारतींची हवा ठरवण्यात गेलं. सीफचे मॉल, ऑफिसं, हॉस्पिटलं. राहायला मात्र असं घर, ज्याची हवा दुसऱ्याच कुणीतरी वाकडीतिकडी करून ठेवलेली. आता ती सरळ करता येईल.

मॅगी म्हणाली, "तोवर झोपायचं कुठे?" तिला म्हटलं, तान्याकडे जाऊ. मुलगी आणि जावई जुफेरला आहेत, एक खोली मोकळी आहे त्यांची. मॅगीने आपली पिशवी भरली, शिवाय क्लॅरिनेटची पेटी घेतली. म्हटलं, दोनचार दिवसांसाठी ती कशाला? तिने ती गाडीत मांडीवर घेतली.

५ मे, रविवार

ऑफिसातून येऊन घर मोजलं. इतकी वर्षं राहून हे घर मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

नवीन युनिट उंच कपाटाएवढं आहे. ते उभं केलं तर हवा खालून घेतं आणि वर फेकतं. उलटं केलं तर खाली फेकतं. ते आपल्या कामाचं नाही, हवा नेणाऱ्या आपल्या डक्ट जमिनीखाली नाहीत. आडवं पाडलं तर बाजूला फेकतं. सगळ्या डक्ट पॅसेजच्या छतात आहेत. आडवं बसवायचं म्हणजे पुन्हा तिथेच छतात कोंबायचं, पुन्हा दोन वळणं, पुन्हा पाण्याला उतार नाही, पुन्हा बादली. उभं बसवायला जागा एकच, पॅसेजच्या सुरुवातीचं स्टोअर. मुख्य डक्ट बरोब्बर त्याच्या डोक्यावरून जाते. हवा सरळ वर, कुठे वळण नाही, कुठे धाप नाही. जणू घर बांधणाऱ्याच्या मनात तेच होतं आणि बसवणाऱ्याने घोळ घातला.

स्टोअरमध्ये सध्या मॅगीचं सामान आहे. एक खुर्ची, नोटेशनचा स्टँड, जुना गालिचा, आणि भिंतीवर तिच्या आईवडिलांचा फोटो. हॉस्पिटलमधून नर्स म्हणून निवृत्त झाल्यापासून ती पुन्हा वाजवायला लागली आहे. सासरे, मायकल मास्तर, वसईत गिरीजचे बँडमास्तर होते. मुलीला त्यांनी शिकवलं, पण लग्नकार्यात बायकांनी वाजवायचं नाही म्हणून घरातच ठेवलं. क्लॅरिनेट त्यांचंच. आता ती चर्चच्या वाद्यवृंदात आहे. खुर्ची आणि स्टँड कुठेही मावतील.

९ मे, गुरुवार

जमालुद्दीन घर बघायला आला. श्रीवर्धनचा माणूस, तुबलीत त्याचं डक्ट बनवायचं वर्कशॉप आहे. माझ्या कितीतरी साइटवर त्यानेच काम केलंय. मॅगीही जुफेरहून आली होती, तिने लिंबूपाणी केलं.

मी त्याला नकाशा दाखवला. त्याने मान डोलावली. मग स्टोअरचं दार उघडून बघत राहिला.

"रसेलभाई, हे स्टोअर कुठं? इथं तर भाभी बसतात."

"बसते कधीकधी."

"आडवंच बसवू या वरती. नवीन ट्रे टाकतो, पाण्याला पंप देतो. ठिबकणार नाही, माझी जबाबदारी. थोडा आवाज होईल, लास्ट बेडरूमला हवा जरा कमी जाईल. चालतं की घरात."

"चालतं म्हणून करायचं असतं का, जमालुद्दीन? बरोबर काय आहे ते सांग."

"बरोबर तुमचंच आहे," तो म्हणाला. "त्याबद्दल मफी सवाल, प्रश्नच नाही." मग मॅगीकडे वळला. "भाभी, तुम्हाला काय वाटतं?"

मी मॅगीला सगळं समजावून सांगितलं. वळणं, दाब, उतार. उभं मशीन त्या खोलीतूनच घरभरची हवा परत ओढणार, म्हणून दाराला जाळी लागेल आणि आत दुसरं काही ठेवता येणार नाही, हेही सांगितलं. लपवलं काहीच नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हेच बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"तुला यातलं कळतं," ती म्हणाली आणि पेले उचलून आत गेली.

म्हणजे ठरलं.

१० मे, शुक्रवार

जेवताना तान्याने विषय काढला. "पप्पा, दॅट्स मम्माज रूम." मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते इंग्रजीतच. मी म्हटलं, नकाशात ते स्टोअर आहे. ती म्हणाली, "नकाशा तूच काढलास." हे तीन शब्द मात्र मराठीत. जावई हसला. मॅगी म्हणाली, "जाऊ दे गं, भात घे."

तिलाच काही वाटत नाही, तर या पोरीला कशाला वाटावं?

१८ मे, शनिवार

झालं! जमालुद्दीनने सुरेख काम केलं. मशीन उभं, सरळ, ओळंब्यात. चालू केलं तेव्हा क्षणभर वाटलं, चाललंच नाही, इतकं शांत. ऑफिसचं हवा मोजायचं मीटर आणून प्रत्येक ग्रिलखाली धरलं. बैठक, स्वयंपाकघर, दोन्ही बेडरूम, सगळीकडे जवळजवळ सारखी हवा. आमच्या बेडरूममध्ये तर खिडकीचा पडदा हलत होता. मी जमालुद्दीनला मिठी मारली.

मॅगीने सामान कालच काढून ठेवलं होतं. मला मदतीला बोलावलं नाही. आज दिवसभर ती मनामात सूकमध्ये, बाजारात होती, मसाले संपलेत म्हणाली. आल्यावर तिला हात धरून खोलीखोलीतून फिरवलं. "बघ, इथे उभी राहा. आता इथे." ती उभी राहिली प्रत्येक ठिकाणी. "छान गार आहे," म्हणाली.

मसाल्याची पिशवी दिसली नाही. विसरली असेल दुकानात.

२९ मे, बुधवार

आज घरून काम होतं. कॉलवर असताना मॅगीने बेडरूममध्ये वाजवायला घेतलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा. शेवटी उठून म्हटलं, "अर्धा तास थांबशील का?" ती लगेच थांबली. कॉल लांबला. संपल्यावर सांगायला गेलो तर ती भाजी निवडत होती.

"आता वाजव की."

"आता नको. मूड गेला."

७ जून, शुक्रवार

मिस्सानंतर वाद्यवृंदाचे शरच्चंद्र सर भेटले. विचारत होते, मॅगीची तब्येत बरी आहे ना, बरेच दिवस सरावाला नाही. मी म्हटलं, अहो, ती तर दर मंगळवारी येते तुमच्याकडे. ते जरा गोंधळले, मग म्हणाले, "हो हो, माझंच चुकलं असेल."

गाडीत मॅगीला विचारलं. म्हणाली, "घरी तयारी झालेली नसते, मग तिथे जाऊन लोकांचा वेळ कशाला घालवायचा?"

"मग मंगळवारी जातेस कुठे?"

"समुद्राकडे. गाडी लावून बसते."

एकटी? या उन्हात? थोडं पुढे गेल्यावर मला आठवलं, परवा ऑफिसातून आलो तेव्हाही ती घराबाहेर गाडीतच बसली होती. काचा बंद, इंजिन चालू. मला वाटलं, तान्याशी फोनवर बोलत असेल. काचेवर टकटक करून मी तिला म्हटलंही होतं, घरात एवढी छान हवा असताना गाडी कशाला तापवतेस? तिने मांडीवरचं काहीतरी टॉवेलखाली सारलं होतं.

या वयात बायकांना एकटेपणा येतो म्हणतात. तान्याला सांगायला हवं, आईकडे जास्त येत जा.

२१ जून, शुक्रवार

मॅगीला विमानतळावर सोडून आलो. भावाकडे गिरीजला महिनाभर. भावजयीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नर्स घरातलीच बरी. क्लॅरिनेट तिने हातात घेतलं, सामानात टाकू दिलं नाही. आईवडिलांचा फोटोही नेलाय. काच बदलून आणते म्हणाली. इथे मनामात काय काचवाले नाहीत?

आत जाताना तिने माझी कॉलर नीट केली. "फिल्टर धुवायला विसरू नकोस," म्हणाली. मला बरं वाटलं. म्हणजे मशीनची किंमत कळलीय तिला.

१९ जुलै, शुक्रवार

मॅगीचा फोन. भावजय अजून काठी घेऊन चालते. आणखी महिना राहते म्हणाली. मी म्हटलं, राहा. मागे कुठेतरी ढोल वाजत होता, विचारलं तर म्हणाली, शेजारी काही आहे.

बाहेर उभं राहवत नाही इतका उकाडा आहे. घर मात्र सगळीकडे सारखं गार. मी बैठकीतच झोपतो हल्ली. बेडरूमपर्यंत जायचा कंटाळा येतो.

२४ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा पुढे ढकललं. मी जरा आवाज चढवला. "तुझ्या भावाला दुसरं कुणी नाही का?" ती शांतपणे म्हणाली, "रसेल, भावजय बरी आहे. मीच राहतेय."

"का?"

"मला इथे बरं वाटतंय."

मी म्हटलं, तिथे तर तुझ्या भावाकडे साधा एसीसुद्धा नाही. ती हसली. वाईट हसली नाही, पण मला ते लागलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तान्या एकटीच आली. आज सगळं मराठीत बोलली, अडखळत, शब्द शोधत. म्हणून मी जास्त घाबरलो.

मॅगी बँडमध्ये वाजवते. तिच्या वडिलांच्या बँडमधली जुनी माणसं आणि नवी पोरं मिळून पुन्हा सुरू केलाय. लग्नांची बोलावणी येतात. भावाच्या घरामागे मशेरीवाल्या म्हातारीची एक खोली रिकामी होती, ती मॅगीने सरावाला घेतलीय.

"मला का नाही सांगितलं?"

"पप्पा, तिने सांगितलं होतं. मे महिन्यात. शरच्चंद्र सर तिला ख्रिसमसला सोलो देणार होते. ती तुला जेवताना म्हणाली, मी होते ना. तू म्हणालास, व्हेरी गुड, आणि मग तुझ्या जावयाला डक्टचा फोटो दाखवलास."

मला आठवत नाही. खरोखर आठवत नाही. हेच सगळ्यात वाईट आहे. खोटं बोललो असतो तर निदान आठवलं असतं.

तान्या गेल्यावर जाळीचं दार उघडून त्या खोलीत उभा राहिलो. आत हवा अंगावरून खेचली जाते, शर्ट मशीनकडे ओढला जातो. या भिंती जाड आहेत, बाहेरचा आवाज येत नाही. आतला आवाजही बाहेर जात नसणार. म्हणूनच तिने ती निवडली असणार. घरातल्या कुणाला त्रास नको म्हणून. माझ्याइतकं घर कुणी मोजलं नाही असं मला वाटत होतं. तिने आधीच मोजलं होतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

तुबलीला जाऊन आलो. जमालुद्दीन पत्रा कापत होता. म्हटलं, मशीन तिथून काढायचं. वरती आडवं बसवायचं.

त्याने कटर बंद केला. "काही बिघडलं?"

"मशीन उत्तम चाललंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. 'मी तेव्हाच सांगत होतो' म्हणून ऐकवेल असं वाटलं होतं, पण त्याने तसं ऐकवलं नाही. चहा मागवला. मग म्हणाला, "भाभी कधी येतायत?"

"ठरलं नाही."

"मग घाई काय आहे, रसेलभाई? थंडी येऊ द्या. तोवर चालू दे."

"नाही, याच आठवड्यात."

"इंशाल्ला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती आणि ती मला सहन झाली नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

जमालुद्दीनने स्वतः उभं राहून काम केलं. मशीन छतात गेलं. पॅसेजचं छत हाताला लागेल इतकं खाली आलंय. मीटर लावलं नाही, तरी कळतंय, बैठकीत भरपूर हवा, स्वयंपाकघरात बरी, आमच्या बेडरूममध्ये नावाला. वळणावर घरघरतं. एवढी वर्षं असं काम कुणी केलेलं दिसलं की मी साइटवर आरडाओरडा करायचो.

खोली रिकामी झाली. जमिनीत बोल्टची भोकं राहिली, ती सिमेंटने भरली. भिंतीला रंग दिला. खुर्ची कुठे ठेवली होती ते आधी सापडेना. गच्चीवर सापडली, उन्हाने तिचं रेक्झिन तडकलंय. मनामातून नवीन आणली. कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, दाराकडे तोंड की भिंतीकडे, मला माहीत नव्हतं. मध्यावर ठेवली आणि फोटो काढून मॅगीला पाठवला. खाली लिहिलं, "तुझी खोली."

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी तिचा फोन आला.

"एवढं कशाला केलंस?"

"तुझ्यासाठी."

"बेडरूमला हवा येते का आता?"

"येते थोडी."

"तुला झोप लागणार नाही, रसेल." तिला खरंच काळजी वाटली होती.

"कधी येतेस?"

"डिसेंबरपर्यंत बोलावणी घेतलीत. मग जानेवारीत लग्नं असतात." ती थांबली. "मी रागावून आले नव्हते. आले तेव्हा परत येणारच होते. इथे पहिल्या दिवशी खोलीचं दार लावलं आणि दुपारपर्यंत वाजवत बसले. कुणी आलं नाही, कुणी हाक मारली नाही. बाहेर आले तर वहिनी म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय. तेव्हा मला रडू आलं."

"मी विचारलं होतं तुला, मॅगी. जमालुद्दीनसमोर विचारलं होतं."

"हो. तू विचारलंस, बरोबर आहे ना. मी काय म्हणणार? बरोबरच होतं ते."

"नको म्हणायचंस."

"म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "ते माझंही चुकलं."

तिने चूक अशी अर्धी वाटून घेतली, आणि मला वाटलं, त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

शरच्चंद्र सरांना भेटून सगळं सांगितलं. सोलो त्यांनी दुसऱ्या मुलीला दिलाय. साहजिक आहे. म्हणाले, मॅगी फार चांगली वाजवते, तुम्हाला माहीतच आहे. मी हो म्हटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

आता एसी लागत नाही. खिडक्या उघड्या असतात.

माझा व्हिसा रिन्यूला आलाय. ऑफिसातल्या मेहरीनने विचारलं, "सर, मॅडमचा पण करायचा ना? त्यांना बाहेर जाऊन सहा महिने होत आले, त्याच्यावर झाले की व्हिसा राहत नाही. या आठवड्यात आल्या नाहीत तर घोळ होईल. की कॅन्सल करायचा?" मी म्हटलं, उद्या सांगतो. तिने कागद बाजूला ठेवले आणि दुसरं काहीतरी बोलायला लागली, मुद्दाम.

दुपारी गाडीत बसून मॅगीला फोन केला. यावेळी मी काही समजावून सांगितलं नाही. व्हिसाचं सांगितलं आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

तिकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"कॅन्सल कर," ती म्हणाली. मग घाईघाईने, "व्हिसा, रसेल. बाकी काही नाही."

"बरं."

"तू नाताळला येतोस ना?"

"सुट्टी मंजूर झालीय."

"ये. पण संध्याकाळी मी घरी नसेन. नाताळानंतर रोज लग्न आहे."

"चालेल. आज आहे का?"

"आहे. निर्मळला. आता निघायचंय."

मी विचारलं, "आज काय वाजवणार?" हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. ती आधी म्हणाली, नेहमीचंच. मग एकेक सांगायला लागली. वरात निघताना काय, नवरी चर्चच्या पायरीवर आली की काय, जेवणं चालू असताना म्हाताऱ्यांना काय आवडतं, कुठल्या चालीत तिचा श्वास पुरत नाही आणि मग पोरगा सॅक्सोफोनवर कसा सांभाळून घेतो. त्यातलं एकही नाव मला ठाऊक नव्हतं. मी मध्ये बोललो नाही. तिचा आवाज भरभर येत होता, आमच्या लग्नाआधी बोलायची तसा.

एकदम थांबली. "तुला कंटाळा आला असेल."

"नाही," मी म्हटलं. "सांग ना पुढे."

पण तोवर तिकडून कुणीतरी हाक मारली, टेम्पो आला होता. "आल्यावर सांगते," म्हणाली आणि गेली.

मी वर ऑफिसात जाऊन मेहरीनला कॅन्सलचे कागद काढायला सांगितले.